दुपट्ट्याचा ठेका

अकोल्याहून बाळापूरकडे निघालं की गाव संपता संपता उजव्या हाताला एक निवासी शाळा लागते. पाटीवर ‘कर्णबधिर विद्यालय’ असं लिहिलेलं आहे, पण तुम्ही ‘मुक्याइची शाळा’ म्हटल्याशिवाय ऑटोवाला तिथे ऑटो थांबवत नाही. या शाळेत धर्मेंद्र तेलगोटे संगीत शिकवतो. हे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल तर ओशाळू नका, सगळ्यांनाच येतं. त्याच्या लग्नाच्या बोलणीत सासरे हसले होते, आणि साळा तर अजूनही दरवेळी नव्याने हसतो. “जावयबापूचं बरं हाये, बेसूर गायलं तरी तक्रार कोन करन?” हा विनोद धर्मेंद्रने इतक्या वेळा ऐकला आहे की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तो हसून मोकळा होतो.

त्याचे वडील धर्मपाल भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. एप्रिल आला की पार्टीला बसायला फुरसत नसायची, आज पातूर तर उद्या मूर्तिजापूर. पोरगं ढोलकीच्या मागे दिसेनासं व्हायचं, तेव्हापासून त्याला ढोलकीवर बसवलेलं. पुढे गळाही चांगला निघाला. बाप म्हणायचा, “माह्या पेटीले जे जमलं नाई ते याच्या गळ्याले जमते.” मग अमरावतीला राहून त्याने संगीतात एम.ए. केलं. खोलीमालकीण मनकर्णाबाई पहाटेच्या रियाजाला वैतागून भिंतीवर लाटणं आपटायची, आणि हा त्या लाटण्याच्या लयीत ताना घ्यायचा. कॉलेजात शिकवायचं आणि गायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण कॉलेजातल्या जागा मुलाखतीच्या आधीच कुणाच्या तरी झालेल्या असायच्या. शेवटी या शाळेत कलाशिक्षकाची जागा निघाली. कला म्हणजे चित्रकला असंच सगळ्यांनी धरलं होतं, पण निवडलेला चित्रकलेचा माणूस महिन्याभरात जिल्हा परिषदेत गेला आणि यादीत खाली उरला होता तो हा गाणारा.

दोनेक वर्षं काढू आणि निघू, असं ठरवून तो रुजू झाला. असं ठरवून रुजू झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील, त्यातली बरीचशी तिथूनच रिटायर होतात.

सुरुवातीला मात्र त्याने जीव लावून काम केलं. वसतिगृहात एक जुनं लाकडी तखत पडून होतं. ते वर्गात आणून त्यावर तो पोरांना मांडी घालून बसवायचा, आणि तखताच्या एका टोकाला ढोलकी टेकवून वाजवायचा. बायाचा, म्हणजे ढोलकीच्या जाड आवाजाच्या बाजूचा, घुमारा लाकडातून पोरांच्या मांड्यांत शिरायचा. पहिल्यांदा थाप पडली तेव्हा एक पोरगा घाबरून खाली उडी मारून पळाला होता, आणि मग स्वतःच येऊन तखताला गाल लावून बसला होता. हळूहळू पोरं मांडीवर हाताने ठेका धरायला लागली. ठेका बरोबर असला की धर्मेंद्र अंगठा वर करायचा आणि चुकला की करंगळी दाखवायचा. शाळेच्या खुणांच्या भाषेत शाबास आणि चूक यांच्या त्याच खुणा. त्या दिवसांत तो घरी गेला की दामिनीला, म्हणजे बायकोला, पोरांच्या गोष्टी सांगता सांगता जेवायचं विसरायचा.

मग एका सव्वीस जानेवारीला घात झाला.

संस्थेचे अध्यक्ष वामनराव यांना वाटलं की आपल्या पोरांनीही झेंडावंदनाला नाच करावा. वामनराव म्हणजे माणूस वाईट नाही. त्यांचा सख्खा मोठा भाऊ मोतीराम जन्मापासून बहिरा होता. त्याला कुणी शाळेत घातलं नाही, लग्न केलं नाही, जन्मभर तो गोठ्यात राहिला आणि गोठ्यातच गेला. त्या भावाच्या नावाने वामनरावांनी आपलं वावर देऊन ही शाळा उभी केली. त्यांना पोरांचा नाच पाहायचा होता, यात गैर काय? देशभक्तीचं एक गाणं निवडलं गेलं. पण मैदानात तखत कुठून आणणार? गाणं सुरू झालं आणि पोरं भेदरून उभी राहिली. तेव्हा धर्मेंद्रने भोंग्याच्या बाजूला उभं राहून खांद्यावरचा लाल दुपट्टा काढला आणि तो समेला खाली झटकायला लागला. दुपट्टा खाली आला की पाय आपटायचा, हे पोरांना लगेच समजलं. नाच झाला. समोरच्या खुर्च्यांवरची माणसं रुमाल काढून डोळे पुसायला लागली. “ऐकू येत नाई तरी पाहा ना कसे तालात नाचले लेकरं!”

तालात नाचले नव्हते. धर्मेंद्र दुपट्टा बरोबर समेवर झटकत होता, ते डोळ्याला दिसणार आणि मग पाय पडणार, म्हणजे सगळी ओळ थोडी मागे पडत होती. ज्याला कान आहे त्याला ते दातात खडा आल्यासारखं लागलं असतं. धर्मेंद्रला लागलंच. पुढच्या वर्षी सुधारू म्हणून त्याने वामनरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, “राहू द्या मास्तर. लोकाइले थोडंच समजते?” आणि खरंच, लोकांना काही समजलं नाही. लोक ताल पाहायला आलेच नव्हते.

त्या एका नाचाने शाळेचं नाव झालं आणि धर्मेंद्रचं वाटोळं. कुणाचा वाढदिवस असो, कुठल्या बँकेचं उद्घाटन असो, मुक्याइच्या शाळेचा नाच पाहिजेच. गाणं तेच, ओळ तीच, दुपट्टा तोच. मोठी पोरं शाळा सोडून जाताना वसतिगृहात लहानांना नाच शिकवून जायची, तालाच्या मागे पडण्यासकट. दिवाळी संपली की तालीम सुरू व्हायची ती उन्हाळ्यापर्यंत. तखत पुन्हा वसतिगृहात गेलं आणि त्यावर गाद्या रचल्या गेल्या. धर्मेंद्रचा रियाज कधी बंद पडला हे त्याचं त्यालाही नीट सांगता येणार नाही. आपण वाईट गायलो काय आणि चांगलं गायलो काय, टाळ्या तेवढ्याच पडणार आहेत, हे ज्या गाणाऱ्याला कळलं त्याचा गळा कशासाठी उठेल? त्याने सुटायचा प्रयत्नही केला. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर काम मिळत होतं. पण तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते, आणि दामिनी म्हणाली, “पक्की नोकरी सोडून तासिकेवर जाता? लोकं तं तुमाले बहिरा नाई, येडा म्हनतीन.” तिचं चूक नव्हतं, आणि म्हणूनच त्याला तिच्याशी भांडताही आलं नाही.

पायल आली तेव्हा धर्मेंद्र असा पुरता मुरलेला होता.

पायल पातूरकडची. वडील ट्रकवर असतात, त्यामुळे सगळी धावपळ आई आचलने केलेली. सरकारी योजनेतून पोरीचं नागपूरला कानाचं ऑपरेशन झालं होतं. कानाच्या मागे मशीन आणि त्याला वायरने जोडलेली, डोक्याला चुंबकाने चिकटणारी एक चकती. शाळेत ऐकायची साधी यंत्रं पुष्कळांना होती, पण ती बहुतेक खिशातच असायची. असं मशीन असलेली ही पहिलीच पोर. आचलने धर्मेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, नागपूरच्या मॅडमनं सांगतलं, मशीनमुळे ऐकू येते पन ऐकाले शिकवा लागते. तोंड दाखवून बोलू नका म्हने. मागून आवाज द्या, वाजवून दाखवा, गानं म्हना. आमच्या घरी गानं म्हननारं कोनी नाई ना, म्हून इथं आनलं.”

“गानं म्हननारं कोनी नाई, म्हून इथं आनलं.” इतक्या वर्षांत गाण्यासाठी या शाळेत कुणी पोर आणली नव्हती.

धर्मेंद्रने दुसऱ्या दिवशी ढोलकीला कणीक लावून बाया जुळवला. पायल जमिनीवर मणी ओवत बसली होती. तो दाराच्या आड गेला आणि एक थाप मारली. पोरीचा हात थांबला. त्याने पुन्हा मारली. तिने मान वळवली, खोलीभर पाहिलं, आणि उठून दारामागे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, तू इथे काय करतोस असा सरळ प्रश्न होता. धर्मेंद्रला मात्र रडू आलं. आपण वाजवलं आणि कुणीतरी ऐकलं, एवढीच गोष्ट होती. ढोलकीवाल्याच्या आयुष्यात याहून साधी गोष्ट नाही, आणि त्याच्या आयुष्यातून तीच निघून गेली होती.

मग रोज दुपारी दोघांचं चालायचं. सूर तिला फारसे कळत नव्हते, मशीनमधून सूर तसेही पुसटच कळतात असं नागपूरच्या मॅडमने फोनवर सांगितलं. पण ठेका तिला अगदी लख्ख कळायचा. तो पाठमोरा बसून वाजवायचा आणि ती मागे टाळी द्यायची. तो मध्येच थांबला की तीही थांबायची, आणि फसवलं म्हणून त्याच्या पाठीत बुक्की मारायची. तो गायला लागला की ती त्याच्या गुडघ्यावर ठेका धरायची. एकदा गाताना त्याचीच लय सुटली, तर तिने गुडघ्यावर चापट मारून त्याला करंगळी दाखवली. अमरावतीच्या गुरुजींनंतर त्याला कुणी चूक दाखवली नव्हती. तो घरी पुन्हा पहाटे गळा साफ करायला लागला तेव्हा दामिनीने लाटणं आपटलं नाही, नुसतं विचारलं, “काहून? आज काय झालं तुमाले?”

हे असंच चाललं असतं तर मला ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती.

डिसेंबरात दिव्यांग दिनाचा विभागीय कार्यक्रम अमरावतीला होता. पाचही जिल्ह्यांचे अधिकारी येणार होते. वामनरावांनी बऱ्याच दिवसांपूर्वी एक प्रस्ताव पाठवून ठेवला होता. ऑपरेशन झालेल्या लहान पोरांसाठी ऐकायला शिकवणारा वेगळा वर्ग, त्याला बाहेरचा आवाज आत न येणारी खोली आणि एक शिकवणाऱ्या ताई. ही कल्पना मुळात धर्मेंद्रचीच, पायलकडे पाहून सुचलेली. तो प्रस्ताव ज्यांच्या टेबलावर होता, ते साहेबच प्रमुख पाहुणे होते. नाच तर ठरलेलाच होता. आणि पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, वामनरावांनी पायलला घ्यायला सांगितलं. दिसायला चुणचुणीत आणि सगळ्यांत लहान. आचलने तर त्याच दिवशी गावात सगळ्यांना सांगून टाकलं.

पहिल्याच तालमीला घोळ झाला. गाणं लागलं, धर्मेंद्रने दुपट्टा झटकला, ओळीचे पाय पडले, पण पायलचा पाय त्याच्या आधीच पडून गेला होता. ती दुपट्ट्याकडे पाहतच नव्हती. भोंग्याकडे तोंड करून, मान डोलवत, बरोबर समेवर नाचत होती. शेजारची पोरं तिच्या पायांकडे पाहून गोंधळली, कुणी तिच्यासारखं केलं, कुणी दुपट्ट्यासारखं, आणि ओळीचा पार चिवडा झाला. मोठ्या पोरांनी चिडून तिला करंगळ्या दाखवल्या. ती धर्मेंद्रकडे पाहायला लागली. त्याने अंगठा दाखवला, तर मोठी पोरं त्याच्यावरच रागावली.

चूक कुणाची होती हे त्या मैदानात एकट्या धर्मेंद्रला माहीत होतं. त्याने दुपट्टा सम यायच्या थोडा आधी झटकून पाहिला. पण पोरं नुसती दुपट्ट्यावर नाचत नव्हती, एकमेकांच्या पायांवर नाचत होती आणि वर्षानुवर्षांच्या सवयीवर नाचत होती. निम्मी पुढे गेली, निम्मी मागे राहिली. आणि त्याचा स्वतःचा हातही ऐकेना. आठवडाभर तो आधी झटकायचं ठरवून उभा राहायचा आणि हात आपला जुन्या जागीच खाली यायचा. आपण पोरांना शिकवलं की पोरांनी आपल्याला, हे त्याला समजेना.

वामनराव तालीम पाहायला आले. थोडा वेळ पाहून म्हणाले, “मास्तर, थे लहान पोरगी लाइन तोडून राहिली.”

“भाऊ, तिचंच बरोबर हाये. तिले ऐकू येऊन राह्यलं. बाकीचे मागे पडतेत.”

“बरोबर कोनाचं हाये हे पाह्यला कोन बसनार हाये तिथं? सारी लाइन एकसारखी नाचते अन् एक पोरगी अलग. लोकं कोनाले चुकली म्हनतीन?”

धर्मेंद्र म्हणाला, “मंग तिले नाचात नका घेऊ. तिचं अलग दाखवू. मी पाठीमागून वाजवतो अन् थे टाळी देते. साहेबाले समजन तरी का ऐकाले शिकवनं म्हंजे काय.”

वामनराव मनापासून विचार करून बोलले, टाळायचं म्हणून नाही. “कोनी नाई पाहत ते, मास्तर. पोरगी टाळी वाजवते, त्यात काय पाहाचं? त्याले रडू येत नाई.” मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “तिचं मशीन काढून ठेवा ना तेवढ्या वेळापुरतं. आंघोळीले काढतेच ना थे? मंग पाहीन बराबर तुमच्या दुपट्ट्याकडे.”

धर्मेंद्रला क्षणभर वाटलं की ते गंमत करताहेत. मग तो चिडला, त्याला जमेल तेवढा. ऑपरेशन करून दिलेला कान आपणच काढून घ्यायचा का, असं काहीतरी बोलला. वामनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “माह्या मोतीरामले कोनी असा कान देल्ला असता तं मी तो जन्मात काढू देल्ला नसता. पन मास्तर, एका नाचाची गोष्ट हाये. साहेब खूश झाले अन् वर्ग मंजूर झाला तं अशा कितीक पायल शिकतीन. तुमीच शिकवसान ना त्याइले?”

ऐकायचा वर्ग मिळवण्यासाठी ऐकणाऱ्या एकुलत्या एका पोरीचा कान काढायचा. हिशेब चुकीचा होता हे त्याला आतून कळत होतं, पण बोट ठेवून चूक दाखवता येत नव्हती. एक वाट उरली होती, आचलने नाही म्हणायची. शनिवारी ती पोरीला भेटायला आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना ती आता भडकेल याची तो वाट पाहत राहिला.

आचल घाबरली, पण वेगळ्याच गोष्टीला. “म्हंजे तिले काढून टाकता का नाचातून? नका ना सर. तिची आजी पार्बताबाई, जिनं ‘मुकी पोट्टी कायले सांभायता’ म्हनलं होतं, तिले मी अमरावतीले घेऊन येऊन राहिली तिचा नाच दाखवाले. काढून ठेवा मशीन, माह्यं काई म्हननं नाई. मी स्वतः काढून देतो म्हटलं तरी चालन.” आणि तिने हात जोडले. वामनरावांना नाही म्हणता आलं असतं कदाचित. या जोडलेल्या हातांना नाही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती.

बस बडनेऱ्याहून अमरावतीत शिरली तेव्हा पोरं खिडक्यांना चिकटून बसली होती आणि धर्मेंद्र बाहेर पाहत नव्हता. याच शहरात तो गायला शिकला होता. कार्यक्रमाचं सभागृह भरलेलं होतं. रंगमंचाच्या मागे, पडद्याजवळ, पोरं ओळीत उभी राहिली. बाहेर भोंग्यावर कुणीतरी भाषण करत होतं आणि पायल त्या आवाजाकडे कान देऊन हसत होती. धर्मेंद्र तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. चकतीचं चुंबक सुटताना बारीक ‘टक’ असा आवाज झाला. पोरीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. तिने हात डोक्याला लावला, चकतीची जागा चाचपली आणि मशीन मागायला हात पुढे केला. त्याने नाही म्हणून मान हलवली, मशीन शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तिला खुणेने सांगितलं, माझ्याकडे बघ. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे काहीतरी कारण असेल, असा लहान पोरांचा जो विश्वास असतो, त्या विश्वासाने तिने हात खाली घेतला. धर्मेंद्रला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

नाच उत्तम झाला. पायल पूर्ण वेळ दुपट्ट्याकडे टक लावून होती आणि तिचा पाय ओळीच्या पायाबरोबर, तालाच्या तेवढाच मागे, न चुकता पडत होता. एवढी हुशार पोर, मागे पडायलाही एका झटक्यात शिकली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आचल पुढच्या खुर्च्यांत उभी राहून मोबाइल धरून रडत होती आणि तिच्या बाजूला बसलेली म्हातारी सासू टाळ्या वाजवत होती. पडदा पडल्यावर मोठ्या पोरांनी पायलला घेरलं आणि अंगठे दाखवले. वामनरावांनी तिला कडेवर उचलून अंगठा दाखवला, आईने दाखवला, आजीने पाहून पाहून तसाच दाखवला. शेवटी पोरीने धर्मेंद्रकडे पाहिलं. त्याचा हात उठत नव्हता. पण ती वाट पाहत होती, आणि तिची तर काहीच चूक नव्हती. त्यानेही अंगठा वर केला.

मग त्याने खिशातलं मशीन काढून तिच्या कानामागे लावलं. तिने ते लावू दिलं.

वर्ग मंजूर झाला. वामनराव शब्दाला जागले, आणि धर्मेंद्रने या वर्गातलं एकही पोर कधीच नाचाला मिळणार नाही असं सांगितलं तेव्हा तेही त्यांनी लगेच कबूल केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली तयार झाली. भिंतींना जाड कापड, खाली सतरंजी, बाहेरच्या ट्रकचा आवाज आत येऊ नये म्हणून दुहेरी काचा. सुट्टीभर धर्मेंद्र खुशीत होता. एकदाची सुटका झाली, आता रोज गायचं, रोज वाजवायचं आणि ऐकणाऱ्यांसमोर, असं तो दामिनीला म्हणालासुद्धा. सुट्टी लागण्याआधीचे महिने गाण्याचा तास तसा झालाच नव्हता, मंजुरीची धावपळ त्याच्याच गळ्यात होती.

जूनमध्ये वर्ग भरला, शिकवणाऱ्या ताई तेवढ्या अजून यायच्या होत्या. नवी पोरं आली, कुणी बुलढाण्याकडचं, कुणी दर्यापूरचं, सगळ्यांच्या कानामागे नवी कोरी मशीनं. आया व्हरांड्यातल्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. पायल जुनी म्हणून पोरांची ताई झालेली, कुणाचं नाक पूस, कुणाला जागेवर बसव, असं तिचं चाललं होतं. धर्मेंद्रने भिंतीला लावलेली ढोलकी उचलली आणि तिची खोळ काढायला घेतली.

ढोलकी दिसताच पायल उठली. तिने डोक्यावरची चकती सोडवली, कानामागचं मशीन काढलं, वायर नीट गुंडाळली आणि सतरंजीवर धर्मेंद्रसमोर ठेवून दिलं. मग पोरांकडे वळून तिने आपल्या कानाला हात लावून दाखवलं, काढा. पोरं तिच्याकडे पाहत राहिली. तिने एकाचं स्वतः काढून दिलं. मग बाकीच्यांनी आपापली काढली, एकाची वायर अडकली तर दुसऱ्याने सोडवली, आणि सगळी मशीनं तिने एका ओळीत मांडली. पोरांना दंडाला धरधरून तिने तशाच एका ओळीत उभं केलं आणि स्वतः मधोमध जाऊन उभी राहिली.

धर्मेंद्रने तिचं मशीन उचलून तिच्यापुढे धरलं. तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि करंगळी वर केली. मग आपल्या रिकाम्या कानाकडे बोट दाखवलं आणि अंगठा. तुम्हीच तर दाखवला होता, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्याने पुन्हा मशीन पुढे केलं, तेव्हा तिने त्याची मूठ समजुतीने बंद करून दिली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

काचेपलीकडे आचलने बाकीच्या आयांना पोरीकडे बोट दाखवून काहीतरी अभिमानाने सांगितलं आणि मोबाइल काढला. पोरं शहाण्यासारखी, हालचाल न करता, धर्मेंद्रच्या हातांकडे पाहत उभी होती. त्याने ढोलकी मांडीवर घेतली. ती वाजवली असती तर त्या खोलीत ऐकणारा तो एकटाच होता.